डबा बंद केला, पोळी ठेवली: डोंबिवलीतल्या एका घराचं प्रकरण

ऑगस्ट २०२३ मधल्या एका सोमवारी माझे धाकटे दीर दुपारी दोनलाच घरी आले. हातात नेहमीची डब्याची पिशवी होती, डबा उघडलेलाही नव्हता. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते सतरा वर्षं स्टोअर सांभाळत होते. मालकांनी उत्पादन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं होतं आणि त्या दिवशी अकरा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून घेतला होता. भाऊजींनीही सही केली. घरी आल्यावर पाणी पिऊन ते एवढंच म्हणाले, "स्टोअरची किल्ली माझ्याकडंच राहिली. उद्या देऊन येतो."

पुढच्या दीड वर्षात त्या घरात काय झालं, ते मी इथे लिहिते आहे. मी एका उत्पादन कंपनीत कॉस्टिंगचं काम करते, ठाण्याला राहते, आणि या सगळ्यात माझा भाग हिशेबापुरता होता. भाऊजी, धाकटी जाऊबाई आणि सासूबाई तिघांनीही लिहायला परवानगी दिली. नावं घालू नका, एवढीच अट होती.

हातात काय होतं

भाऊजींचं वय तेव्हा ४४, धाकटीचं ४१. मुलगी अकरावीत. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांच्याकडेच राहतात. डोंबिवली पूर्वेला एक बेडरूमचा फ्लॅट, त्याचा महिन्याचा हप्ता १४,३०० रुपये. पगार हातात ३८,५०० येत होता आणि हप्ता धरून घरखर्च ३३,००० च्या आसपास जात होता. बँकेत शिल्लक होती १,६०,०००.

पहिल्याच आठवड्यात आम्ही ग्रॅच्युइटीचा आकडा काढला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,७०० रुपये. त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचं, म्हणजे ९५० गुणिले १५ गुणिले १७, एकूण २,४२,२५०. पाच वर्षं झालेल्या माणसाला राजीनामा दिला तरी हे पैसे मिळतात, आणि ते तीस दिवसांत द्यायचे असतात. मिळाले मात्र डिसेंबरात. उशीर झाला तर व्याज लागतं, याचा उल्लेख करून पत्र लिहिलं तेव्हा कुठे आठवड्यात चेक आला. व्याज आलं नाहीच. राजीनामा लिहून दिल्यामुळे कामगार कपातीच्या भरपाईसाठी भांडायची वाटही अवघड होऊन बसली होती. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला त्या दहा मिनिटांत हे सुचत नाही. म्हणून हे वाचणाऱ्याला कळकळीने सांगते: कागद घरी घेऊन या, एक रात्र जाऊ द्या, मग सही करा.

दुसरी चूक विम्याची झाली. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपला. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी मुदतीत अर्ज करता आला असता, पण त्या गोंधळात ते राहूनच गेलं. पुढे नवीन पॉलिसी घेतली ती २६,००० रुपयांची, आणि जुन्या दुखण्यांसाठी थांबायची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

भविष्यनिर्वाह निधीत साधारण सहा लाख ऐंशी हजार होते. त्या वेळच्या नियमाने एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता येत होते. भाऊजींच्या डोक्यात तेव्हा चहाच्या फ्रँचायझीचा गाळा घोळत होता. स्टेशनजवळ, पाच लाखांत सगळं तयार करून देणार होते. मी आणि सासूबाई, दोघींनी विरोध केला. मी म्हटलं, हे पैसे म्हातारपणाचे आहेत आणि ते तिथे पडून राहिले तरी व्याज देतात. सासूबाई निराळंच म्हणाल्या, "जो धंदा तुला हाताने करता येत नाही, त्यात पैसा घालू नकोस. चहा करणारा पोरगा उद्या गेला तर तू काय करशील?"

सासूबाईंची खाणावळ

सासूबाईंचं म्हणणं कुठून आलं होतं, ते सांगायला हवं, कारण पुढे दोन वेळा याच गोष्टीने आम्हाला सावरलं. सासरे परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. चाळीतल्या खोलीत सासूबाई अकरा गड्यांची खाणावळ चालवत, बहुतेक रत्नागिरी आणि साताऱ्याकडचे, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. तीन पाळ्यांप्रमाणे ताटं वाढायची, पगार झाला की पैसे. अशा शेकडो बायका तेव्हा गिरणगावात होत्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं, तो हाच काळ.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबला, म्हणजे खाणावळीचे पैसेही थांबले. सासूबाईंनी चार महिने उधारीवर ताटं वाढली. "जेवणारा माणूस समोर बसल्यावर नाही कसं म्हणायचं?" असं त्या आजही म्हणतात. मग एकेक जण गावाकडे गेला. काहींनी पुढे कित्येक वर्षांनी येऊन पैसे दिले, बरेच परत आलेच नाहीत. किराणा दुकानदाराचे पैसे मात्र सासूबाईंनाच द्यावे लागले, पाटल्या मोडून. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. सासऱ्यांची गिरणी बंद पडली आणि घर डोंबिवलीला आलं.

त्यामुळे या घरात नोकरी जाणं आणि चुलीवर घर चालणं, दोन्ही आधी होऊन गेलेलं होतं. भाऊजी त्या वेळी तीन वर्षांचे होते.

पहिली दिवाळी

आम्ही ठरवलं ते असं: सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे ८५,८०० रुपये, वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. धंद्याला दिवाळीपर्यंत जास्तीत जास्त २५,००० रुपये घालायचे. ते बुडाले तर बुडाले, पण पंचवीस हजार एकावा रुपया नाही.

ऑक्टोबरात धाकटीने फराळाच्या ऑर्डर घेतल्या. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळी, एवढंच. अनारसे आणि करंजी मुद्दाम नको म्हटलं, त्यात वेळ फार जातो. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, त्याच्या आदल्या दोन आठवड्यांत घरात झोप नव्हती. विक्री ४१,२०० झाली. सामान, गॅस, पाकिटं वजा जाऊन १७,३०० उरले. भाऊजींचा चेहरा तीन महिन्यांनी मोकळा झालेला मी त्या दिवशी पाहिला.

मी मात्र त्या रात्री धाकटीला विचारलं, तुम्ही तिघींनी, म्हणजे ती, सासूबाई आणि मदतीला आलेली शेजारीण यांनी मिळून किती तास काम केलं? तिने मोजलेलं नव्हतं. आठवून आठवून साधारण २६० तास निघाले. तासाला ६६ रुपये. वाईट नाही, पण हे दिवाळीच्या भावाने. वर्षभर कोणी चकली त्या भावाने घेत नाही.

नोंदणीचंही इथेच सांगते. घरून अन्न विकायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरत होती, शुल्क वर्षाला १०० रुपये, घरबसल्या संकेतस्थळावर होणारं काम. भाऊजींनी ते एका एजंटाला २,५०० रुपये देऊन करून घेतलं. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीला तर शुल्कच नाही, तरी तोच एजंट तिचेही पैसे मागत होता. ती मग मुलीने मोबाइलवर अर्ध्या तासात केली. दोन्ही नोंदण्या धाकटीच्या नावावर केल्या. भाऊजींना ते आधी रुचलं नाही. बोलले काही नाहीत, पण दोन दिवस त्या कागदांकडे पाहिलंही नाही.

डबा

दिवाळीनंतर काय, याचं उत्तर भाऊजींनी शोधलं: डबा. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, लोणचं, ८० रुपयांत. डिसेंबरात सहा डबे होते, फेब्रुवारी २०२४ पर्यंत चौदा झाले. एकीकडे संध्याकाळी आजूबाजूच्या घरांना पोळ्याही जात होत्या, दिवसाला साठेक, सात रुपयाला एक. डोंबिवलीत नवरा-बायको दोघंही लोकलने मुंबईला जाणारी घरं किती, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. संध्याकाळी साडेसात-आठला गाडीतून उतरलेल्या बाईला भाजी-वरण करायला जड जात नाही, कणीक मळायला जातं. त्यामुळे पोळी मागायला लोक आपणहून येत होते. डब्याला मात्र भाऊजी जाहिरात करत होते, कारण डब्यात पैसा दिसत होता: दिवसाला १,१२० रुपये. पोळीचे जेमतेम ४२०.

मार्चमध्ये धाकटीने मला फोन केला. "ताई, पैसे येतायत, पण महिनाअखेर काही उरत नाही. आणि मला आता उभं राहवत नाही." मी चार आठवड्यांसाठी एक वही दिली. त्यात फक्त दोन गोष्टी लिहायच्या होत्या, कशावर किती खर्च झाला आणि कशाला किती वेळ लागला. वेळ घड्याळ बघून लिहायचा, अंदाजाने नाही. मुलीने भिंतीवर पेन्सिल बांधून ठेवली.

चार आठवड्यांनी डब्याचा हिशेब असा निघाला. पोळ्या साडेदहा रुपये, भाजी १४, आमटी ९ (तूरडाळ त्या वर्षी फार चढली होती), भात साडेचार, कोशिंबीर-लोणचं ६, गॅस ४, पेट्रोल ७, साबण-किरकोळ २. एकूण ५७. डब्यामागे २३ रुपये, चौदा डब्यांचे ३२२. आणि वेळ? बाजार एक तास, निवडणं-चिरणं सव्वा तास, स्वयंपाक दोन तास, पोळ्या दीड तास, डबे भरणं अर्धा तास, पोचवणं दीड तास, रिकामे डबे आणून घासणं सव्वा तास. नऊ तास. म्हणजे तासाला ३६ रुपयेसुद्धा नाहीत.

पोळीचा हिशेब त्याच वहीत, शेजारच्या पानावर होता. एक किलो कणकेत २८ पोळ्या. गहू, गिरणीचं दळण आणि निवडताना जाणारी घट धरून कणीक ४६ रुपये किलो पडत होती, म्हणजे पोळीला एक रुपया पासष्ट पैसे. तेल पंचवीस पैसे, गॅस तीस, कागद-पिशवी पंचेचाळीस, पेट्रोल पस्तीस. बरोबर तीन रुपये. सातला विकली की चार उरतात. साठ पोळ्यांचे २४०, आणि त्यांना मळण्यापासून पोचवण्यापर्यंत पावणेतीन तास लागत होते. तासाला ८७ रुपये.

गॅस तीस पैसे धरला तो धंद्याच्या मोठ्या सिलिंडरचा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं कायद्यात बसत नाही. सुरुवातीला तोच वापरला जात होता, माझ्या लक्षात आल्यावर बदलायला लावला. तेव्हा घरगुती टाकी नऊशेच्या आसपास मिळत होती आणि १९ किलोची व्यावसायिक साधारण सतराशेला. फरक पोळीमागे दहा पैशांचाही नाही, पण त्या दहा पैशांसाठी दंड आणि घरातली जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी वही टेबलावर ठेवून आम्ही सगळे बसलो. मी म्हटलं, डबा बंद करायचा.

भाऊजी उठून गॅलरीत गेले. त्यांचा राग मला कळत होता. डबा त्यांनी उभा केला होता, गिऱ्हाईकं त्यांनी आणली होती, आणि १,१२० रुपये हा आकडा त्यांना पगारासारखा वाटत होता. पोळी म्हणजे बायकोचं काम, आपण नुसते पोचवणारे. आत येऊन ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही तासाचे पैसे लावता. ती काय तासावर काम करते? घरीच असते ना."

खोलीत कोणी बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "माझेपण कोणी लावले नव्हते रे."

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला हेच वाटतं. घरगुती धंद्यात भांडवल थोडं लागतं असं आपण म्हणतो, ते खरं नाही. भांडवल भरपूर लागतं. ते एका बाईच्या खांद्यात, मनगटात आणि कमरेत असतं, आणि ते कुठल्या वहीत लिहिलेलं नसतं म्हणून फुकट धरलं जातं. ते लिहिलं की भाव बदलतो, माल बदलतो, कधी धंदाच बदलतो. आमच्या घरात नेमकं तेच झालं. ज्याची विक्री जास्त ते काम थांबवलं आणि ज्याची विक्री निम्म्याहून कमी ते वाढवलं.

डबेवाल्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी सांगितलं. दोघांकडे मिळून ४,६०० रुपये थकले होते, ते आजतागायत आलेले नाहीत. उधारीचं ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तोडगा काढला: "आधी पैसे, मग पोळी. पण माणसाला वाईट वाटणार नाही असं काहीतरी करा." मुलीने शंभर पोळ्यांचं कार्ड बनवलं, शंभर चौकोन, जेवढ्या पोळ्या नेल्या तेवढ्यांवर फुली. पैसे कार्ड घेताना. याने उधारी बंद झालीच, शिवाय महिन्याचा गहू गिऱ्हाइकाच्या पैशातून येऊ लागला.

भाव सातचा आठ केला. ३१ घरं होती, सहा गळाली. त्यातली चार गणपतीपर्यंत परत आली.

भाऊजी आणि पिशवी

नोकरी गेल्यावर पहिले चार महिने भाऊजी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनपर्यंत चालत जात. कुठे जाता असं कोणी विचारू नये म्हणून. पोळ्या पोचवायला लागले तेव्हाही आपल्या इमारतीतल्या घरांना द्यायला मुलीला पाठवत. एकदा फडके रोडवर जुन्या कंपनीतले दोघे भेटले, तर यांनी पोळ्यांची पिशवी पाठीमागे धरली. हे त्यांनीच मला सांगितलं, वर्षभराने.

बदल कशाने झाला? उपदेशाने नाही. जून २०२४ मध्ये गव्हाला सोंडे लागले. तीस किलोचं पोतं गेलं. भाऊजींनी ते उघडून पाहिलं आणि म्हणाले, नवा माल पुढे आणि जुना मागे कोणी लावला? मग सतरा वर्षांचा स्टोअरवाला जागा झाला. प्रत्येक डब्याला कार्ड लावलं, आला किती, गेला किती, शिल्लक किती. जुनं आधी संपवायचं. गहू चाळीस किलोवर आला की नवा मागवायचा, पावसाळ्यात मात्र एकदम साठवायचा नाही. दळण गिरणीतून गरम येतं ते तसंच झाकून ठेवलं की कणीक चिकट होते, म्हणून परातीत पसरून गार करायचं. भाजलेल्या पोळ्या एकावर एक गरम रचल्या की घाम येतो, म्हणून जाळीवर काढायच्या आणि मग कागदात बांधायच्या, हे धाकटीला माहीत होतंच. भाऊजींनी जाळ्यांना क्रमांक घातले, म्हणजे आधी भाजलेली आधी बांधली जाईल. त्या महिन्यापासून ते या धंद्याला "आपलं" म्हणायला लागले.

सोसायटीकडून पत्र आलं तेही त्यांनीच निस्तरलं. फ्लॅटमध्ये धंदा, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं, अशी तक्रार होती. ते सभेला जाऊन बसले, कोणाशी वाद घातला नाही. बाहेरचं गिऱ्हाईक वर येणार नाही, गेटजवळ संध्याकाळी सात ते साडेआठ टेबल लावू, तिथून पोळ्या न्यायच्या, आणि कणीक मळायचं यंत्र रात्री नऊनंतर चालणार नाही, असं लिहून दिलं. तक्रार करणाऱ्यांतल्या एका घरात आता रोज दहा पोळ्या जातात.

खांदा

दिवसाला साठवरून एप्रिलअखेर १३० पोळ्या झाल्या. मे महिन्यात घरं गावाला गेली आणि आकडा ७५ वर आला. तो महिना कठीण गेला, पण हप्त्याचे पैसे बाजूला होते. ग्रॅच्युइटी आल्यावर त्यातले १,७१,६०० म्हणजे वर्षाचे हप्ते ठेवीत टाकले होते. उरलेल्या ७०,६५० मधून विमा आणि २१,५०० चं कणीक मळायचं यंत्र घेतलं. पोळी लाटायचं यंत्र घ्यावं का, असा विचार दोनदा झाला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्र सरकारच्या योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान मिळत होतं. पण यंत्राच्या पोळीला घडी आणि पदर येत नाही, आणि आमच्याकडे लोक त्या पदरासाठीच येत होते. कर्ज घेतलं नाही.

जुलैत पावसाने लोकल बंद पडल्या त्या दिवशी सत्तर पोळ्या टेबलावर राहिल्या, न्यायला माणसंच पोचली नाहीत. नियमाने त्या कार्डावर मांडता आल्या असत्या. धाकटीने मांडल्या नाहीत. शेजारपाजारी वाटल्या, दुसऱ्या दिवशी चार घरांत फोडणीची पोळी झाली. त्या दिवसाच्या २१० रुपयांचा खर्च मी वहीत "पाऊस" म्हणून लिहिला.

सप्टेंबरात मात्र धाकटीचा उजवा खांदा गेला. २१० पोळ्या रोज, एकटी. हात डोक्यापर्यंत जात नव्हता. डॉक्टरांनी दोन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आणि दोन आठवडे विक्री शून्य झाली. कार्डवाल्यांचे पैसे आधीच घेतलेले होते, प्रत्येकाला फोन करून सांगावं लागलं. एकानेही पैसे परत मागितले नाहीत, पण ते नशीब होतं, नियोजन नव्हतं. ही चूक माझीही आहे. तासाचे रुपये मी मोजले होते, एका खांद्याला रोज किती तास झेपतील हे मोजलं नव्हतं. ऑक्टोबरात त्याच इमारतीमागच्या वस्तीतली एक बाई लाटायला ठेवली, पोळीमागे पावणेदोन रुपये. ओटा उंच पडत होता म्हणून धाकटीच्या पायाखाली फळी आली, आणि दीडशे पोळ्यांनंतर जागा बदलायची, असा नियम झाला.

त्याच महिन्यात पैशांची सरमिसळ थांबवली. गिऱ्हाइकाचे पैसे भाऊजींच्या खात्यात यायचे आणि तिथूनच दूध, फी, रिक्षा सगळं जायचं. धाकटीच्या नावाने वेगळं खातं उघडलं, टेबलावरचा क्यूआर कोड बदलला. महिन्याच्या एक तारखेला त्यातून तिचा पगार तिच्या दुसऱ्या खात्यात, पहिल्यांदा ९,००० रुपये. ती त्या संध्याकाळी मला म्हणाली, "बेचाळिसाव्या वर्षी पहिला पगार." मग फोनवर बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

जानेवारी २०२५

डिसेंबरअखेर दिवसाला ३२० पोळ्या जात होत्या. पोळीमागे पाच रुपये, त्यातून लाटणाऱ्या बाईंच्या १५० पोळ्यांचे साधारण २६२ वजा, २६ दिवसांचे ३४,७८८. किरकोळ दुरुस्त्या, फोन वगैरे अडीच हजार गेले की ३२,२८८. दोघं रोज सहा-सहा तास. तासाला १०३ रुपये. सतरा वर्षांच्या नोकरीचा पगार ३८,५०० होता, म्हणजे एका माणसाच्या जुन्या पगारापेक्षा कमी पैशात दोन माणसं राबत होती, आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा, पगारी रजा काही नाही. यश म्हणून हा आकडा सांगणाऱ्यांनी हा दुसरा भागही सांगावा असं मला मनापासून वाटतं.

संक्रांतीच्या आठवड्यात, गुळपोळ्यांची धांदल चालू असतानाच, तळोज्याच्या एका कारखान्यातून भाऊजींना बोलावणं आलं. स्टोअरचंच काम, हातात ३१,०००. ते नको म्हणाले. "आता मला इथं बरं वाटतंय. आणि परत कोणीतरी केबिनमध्ये बोलावणार."

वही पुन्हा टेबलावर आली. या वेळी ती धाकटीने उघडली. संध्याकाळी पोचवायला एक मुलगा ९,००० रुपयांत ठेवला तर पोळीचे २३,२८८ उरतात आणि वर ३१,००० येतात, मिळून ५४,२८८. जुन्या खात्यातच निधी पुढे चालू राहतो, निवृत्तिवेतनाची वर्षं तुटत नाहीत, विमा मिळतो. भाऊजी म्हणाले, "म्हणजे मी नको का इथं?" ती म्हणाली, "रविवारी गहू तुम्हीच मोजायचा. माझ्याच्याने ती कार्डं होत नाहीत."

फेब्रुवारीत ते रुजू झाले. सकाळी सहा-पन्नासला निघतात, रात्री आठला येतात. गेटजवळच्या टेबलाशी थांबून स्वतःच्या घरच्या पोळ्या उचलतात आणि कार्डावर फुली मारतात. त्यांचंही कार्ड आहे, धाकटीने सूट दिलेली नाही. सासूबाई टेबलामागे खुर्ची टाकून बसलेल्या असतात. साडेआठला टेबल आत गेलं की त्या रोज एकच विचारतात, "उधार किती?" आणि धाकटी म्हणते, "नाही, आई."